थंड समुद्रात पहिल्यांदाच स्नॉर्केलिंग करायचं आहे. वय ५८, बडोदा. झेपेल का?

दांडियाबाजारची टीचर (बडोदा), ४ जून

नमस्कार मंडळी. ३१ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले. ऑगस्टमध्ये लेकीकडे एडिंबराला सहा आठवडे जाणार आहे. तिच्या घरापासून गाडीने सव्वा-दीड तासावर सेंट ॲब्ज नावाचं मासेमारीचं लहानसं गाव आहे. तिथला किनारा १९८४ पासून राखीव आहे, गावकऱ्यांनी आणि पाणबुड्यांनी मिळून आपणहून राखलेला. पाणी स्वच्छ असतं, आणि काठाजवळच, दोन-तीन मीटर खोलीवर, केल्पची म्हणजे मोठ्या तपकिरी समुद्री शेवाळाची रानं आहेत असं लेक सांगते. मला तिथे स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क लावून, नळीतून श्वास घेत, पाण्यावर तरंगत खाली बघणं, करायचं आहे.

या वयात हे कुठून काढलं, असं घरात दोघांनी विचारून झालंय, म्हणून कारण आधीच सांगते. आमच्या प्रयोगशाळेत तारामाशाची एक बरणी होती. फॉर्मॅलिनमध्ये राहून राहून मासा पांढराफटक झालेला, एका बाहूचं टोक तुटलेलं. दर वर्षी मी ती बरणी वर्गात फिरवायचे आणि नलिकापाद म्हणजे काय ते समजावायचे. पाण्याच्या दाबावर चालणारे शेकडो बारीक पाय, टोकाला चूषक, त्यांच्यावर हा प्राणी सरकतो वगैरे. मुलं वहीत आकृती काढायची. एकदा एका मुलीने विचारलं, "टीचर, तुम्ही चालताना बघितलाय?" मी नाही म्हणाले. ती मुलगी आता स्वतः दोन मुलांची आई आहे, पण तो प्रश्न माझ्याजवळच राहिला आहे.

आता माझी माहिती. पोहता येतं. लालबागच्या तलावावर बायकांच्या वेळेला गेली १२ वर्षं जाते, न थांबता ४० मिनिटं पोहते. समुद्रात मात्र गुडघ्यापलीकडे कधी गेले नाही. जामनगरजवळ नराराला मुलांना घेऊन ओहोटीत प्रवाळांवरून चालले आहे, ते पाणी पोटरीपर्यंत. चष्मा उणे ४ चा. रक्तदाबाची एक गोळी रोज, दाब काबूत आहे.

लेक म्हणते ऑगस्टमध्ये तिथलं पाणी १३-१४ अंश असतं. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे हवा १२ अंशांवर आली की आपण कानटोपी घालतो. त्या पाण्यात तोंड घालून अर्धा तास तरंगायचं, हे मला डोळ्यांसमोर आणताच येत नाही. नेमकं काय होतं? काय तयारी करू? कपडे कसले? आणि एक संकोच आहे तोही विचारून टाकते. तो अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट घालून जावयासमोर वावरायचं म्हणजे मला अवघड वाटतं. कुणी केलं असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

उत्तरसमुद्र (ॲबर्डीन), ४ जून

काकू, मी मूळचा रावपुऱ्याचा, ११ वर्षं ॲबर्डीनला आहे. सेंट ॲब्जला दर उन्हाळ्यात दोन-तीनदा जातो. झेपेल. पण बडोद्यातून निघण्याआधी काही गोष्टी पक्क्या डोक्यात बसवून या.

थंड पाण्यात माणूस गारठून मरतो असं आपल्याला वाटतं. गारठायला वेळ लागतो. खरा धोका पहिल्या दोन-तीन मिनिटांचा. १५ अंशांच्या खालचं पाणी छातीला लागलं की आपोआप मोठा हिसका बसून श्वास आत ओढला जातो, आणि मग धाप लागल्यासारखे भराभर श्वास सुरू होतात. तुमच्या इच्छेचा त्यात काही भाग नसतो, कातडीकडून निघालेला तो संदेश असतो. त्या पहिल्या हिसक्याला तोंड पाण्यात असेल तर पाणी आत जातं. म्हणून उडी मारायची नाही, काठाकाठाने चालत जायचं. कमरेपर्यंत थांबा, मानेवर पाणी घ्या, सूटच्या गळ्यातून थोडं आत जाऊ द्या, आणि श्वास ताब्यात येईपर्यंत मास्क लावूच नका. इथल्या जीवरक्षक नौकांची संस्था शिकवते तेच सांगतो: घाबरलात तर पोहायला जाऊ नका. पाठीवर व्हा, मान मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या आणि नुसतं तरंगा. मिनिट-दीड मिनिटात श्वास जागेवर येतो. वेटसूट अंगावर असला तर खाली जाणंच अवघड, इतकं ते रबर तरंगतं.

सूट ५ मिलीमीटरचा घ्या, भाड्याने मिळतो. सूटमध्ये शिरलेलं पाणी अंगाने तापतं आणि त्याने ऊब मिळते, असं सगळे सांगतात. खरी ऊब निओप्रीनमध्ये, म्हणजे सुटाच्या त्या रबरात, अडकलेल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांची असते. १९५२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं, की माणूस ओला राहिला तरी चालेल, फक्त पाणी आत-बाहेर खेळता कामा नये. तेव्हा सूट ढगळ नको. पाठीत, काखेत, गुडघ्यामागे घडी पडत असेल तर लहान माप मागा. मात्र गळ्याशी आवळत असेल तर तो नको. सोबत निओप्रीनचे बूट, हातमोजे आणि हूड म्हणजे डोकं-मान झाकणारी टोपी. हूड टाळू नका, सगळे टाळतात आणि कपाळात कळ गेली की परत येतात. पाय सुटात सरकेना तर पायावर प्लॅस्टिकची पिशवी घालून सरकवा, सटकन जातो.

मास्क इथे उसना घेऊ नका, तिथूनच स्वतःचा आणा. उणे ४ च्या तयार काचा मिळतात. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत घ्या, हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा. केसांची एक बट आत आली तरी गळतो. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा चोळून काढा, नाहीतर सतत धुकं धरेल. आणि प्रत्यक्ष वेळी काचेला आतून थुंकी लावून विसळायची. ऐकायला कसंसंच वाटेल, पण जगभर हेच करतात. अख्खा चेहरा झाकणारे मास्क बाजारात दिसतात, ते घेऊ नका. त्यांत सोडलेला श्वास साचून पुन्हा आत जाऊ शकतो, आणि घाबरल्यावर ते झटकन काढता येत नाहीत.

एकटीने नाही. वारा पूर्वेचा असेल त्या दिवशी नाही, तिथे पूर्वेच्या वाऱ्याने लाटा थेट आत येतात आणि पाणी गढूळ होतं. भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून, पाणी स्थिरावतं त्या वेळेच्या आसपास. कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधून, म्हणजे बोटवाल्यांना दिसाल. अडचण आलीच तर ९९९ फिरवून कोस्टगार्ड मागायचं, हे लेकीलाही सांगून ठेवा.

राहता राहिला संकोच. काकू, तिथे सत्तरीच्या बाया वाहनतळावर टॉवेल गुंडाळून सूट चढवतात. कुणी मान वळवून बघत नाही. वरून घालायला टोपीवाला लांब टॉवेलचा झगा मिळतो, पायघोळ. तो घ्या. सूट पाण्याशी जाईपर्यंत झाकलेला राहतो आणि बाहेर आल्यावर वाऱ्यापासून वाचवतो.

रामबाग (इंदूर), ५ जून

ताई, मी इंदूरला ३४ वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं. वरच्यांनी सामानाचं उत्तम लिहिलंय, मी फक्त हृदयाचं लिहिते.

गार पाणी छातीला आणि पाठीला लागलं की नाडी धावायला लागते, दाब चढतो. पण गार पाणी चेहऱ्याला लागलं, त्यातून श्वास रोखलेला असला, की शरीर उलटा हुकूम देतं: नाडी मंदावते. सील, देवमासा यांच्यात असते तीच ही प्रतिक्रिया, आपल्यातही शिल्लक आहे. दोन्ही हुकूम एकदम सुटले तर हृदयाची लय बिघडू शकते. पोर्ट्समथ विद्यापीठाच्या माइक टिप्टन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. तरुण निरोगी माणसातही काही ठोके चुकतात आणि बहुतेकदा काही होत नाही. पण अठ्ठावन्न वय आणि दाब असताना आधी ईसीजी आणि ट्रेडमिलची तपासणी करून घ्याच. गोळी आपल्या मनाने सोडू नका, वेळही बदलू नका. आणि पाण्यात श्वास रोखून खाली डुबकी मारण्याचा मोह पहिल्या वर्षी टाळा. वरूनच बघा, नळीतून श्वास अखंड चालू.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते म्हणून ठळकपणे सांगते. गार पाण्यात उतरलं की हातापायांचं रक्त छातीकडे ढकललं जातं. वर घट्ट सूटचा दाब, त्यात रक्तदाबाचा त्रास असेल तर क्वचित फुप्फुसात आपल्याच रक्तातलं पाणी झिरपतं. समुद्राचा एक थेंब आत न जाता माणूस आतून बुडायला लागतो. खूण अशी: श्रमाच्या मानाने जास्त दम, खोकला, घशात खुळखुळ, कधी गुलाबी फेस. असं काही वाटलं तर "दोन मिनिटांत बरं वाटेल" म्हणून थांबायचं नाही. लगेच बाहेर, बसून राहायचं, आडवं व्हायचं नाही, रुग्णवाहिका.

सवय करता येते ही चांगली बातमी. गार पाण्यात दोन-तीन मिनिटं, असं पाच-सहा वेळा केलं तरी तो पहिला हिसका जवळजवळ निम्म्यावर येतो आणि ही सवय काही महिने टिकते. पण तपासणी झाल्यावर, आणि घरात कुणी जवळ असतानाच.

लष्करवाला (ग्वाल्हेर), ५ जून

टीचर, मी मालवणला दोनदा केलंय, पाणी कोमट, रंगीत मासे, सोबतीला माणूस, सगळं अर्ध्या तासात. आधी तिथे जाऊन या ना. एकदम तेरा अंश म्हणजे पहिलाच पेपर एम.एस्सी.चा झाला.

दांडियाबाजारची टीचर (बडोदा), ९ जून

सगळ्यांचे मनापासून आभार. मी सगळं वहीत उतरवून घेतलंय, लेकीलाही पाठवलंय.

लष्करवाले, मालवणचा विचार मी केला होता आणि कधीतरी जाईनही. पण मला जो तारामासा बघायचा आहे तो तिथे नाही. आपल्या बी.एस्सी.च्या पुस्तकांत कंटकचर्मींच्या धड्यात पिढ्यान् पिढ्या ॲस्टेरियास हा तारामासा शिकवला गेला. तो उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्याचा प्राणी, आपल्या किनाऱ्यावर तो सापडत नाही. आपल्या समुद्रात दुसरे तारामासे आहेत, सुंदर आहेत, पण मी आयुष्यभर ज्याची आकृती फळ्यावर काढली तो हा. केल्पचंही तसंच, पाणी थंड असल्याखेरीज ते वाढत नाही, म्हणून भारताच्या किनाऱ्यावर केल्पचं रान नाही. मला गार पाण्याची हौस नाही, पण ते गारच असायला लागतं.

बडोद्याचं आणि समुद्राचं नातं तसं जुनं आहे, हे इथल्या आपल्याच माणसांना पुष्कळदा माहीत नसतं. द्वारका-ओखा हा ओखामंडळचा मुलूख बडोदा संस्थानचा होता. सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करून घेतली, आणि त्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली निघाला. ओखा बडोद्याहून शंभर कोसांच्याही पलीकडे, पण राजाला त्यातला शंख-शिंपला मोजून हवा होता. नराराला मुलांना नेताना मी हे दर वेळी सांगायचे. तिथे ओहोटीत चालताना खूप दिसतं, समुद्रफुलं, खेकडे, एकदा तर आठ पायांचा माखळीचा भाऊबंद रंग बदलताना दिसला. पण कच्छच्या आखाताचं पाणी गाळाने गढूळ, पोहत जाऊन बघण्याजोगं नाही. म्हणूनही हा सगळा खटाटोप.

डॉक्टरताई, ट्रेडमिल मंगळवारी झाली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि जा म्हणाले, दम लागला तर बाहेर या एवढंच.

सवयीचं असं केलं आहे. बडोद्यात जूनमध्ये नळाला येतं ते पाणी गच्चीवरच्या टाकीतून चहासारखं तापून येतं. मग बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी आणवली, मोठ्या टिपात फोडून टाकली, शाळेतून निवृत्त होताना मिळालेला थर्मामीटर लावून १४ अंश झाल्यावर तांब्याने आधी पायांवर, मग खांद्यांवर. मोरीच्या दाराशी हे खुर्ची टाकून घड्याळ घेऊन बसतात. पहिल्या दिवशी पाणी खांद्यावर पडल्याबरोबर माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या काकी आल्या. चौथ्या दिवशी आवाज नाही, नुसता एक मोठा श्वास. हिसका खरंच कमी होतो आहे, मी स्वतः मोजते आहे. उद्यापासून नळी तोंडात धरून लालबागला.

दांडियाबाजारची टीचर, सध्या एडिंबरा, २७ ऑगस्ट

जाऊन आले. तीन वेळा गेले, आणि तिन्ही वेळा वेगवेगळं झालं, म्हणून क्रमाने लिहिते.

पहिल्यांदा गेलो तेव्हा पूर्वेचा वारा होता. आमच्या सोबत जी प्रशिक्षक होती, साठीची, पिकल्या केसांची, तिने काठावर उभं राहून पाच मिनिटं नुसतं पाण्याकडे पाहिलं आणि आज नाही म्हणाली. मला वाईट वाटलं, पण वर उत्तरसमुद्र यांनी लिहिलेलं डोळ्यांपुढे होतं. पाणी कॉफीसारखं ढवळलेलं दिसत होतं. आम्ही कड्यावर जाऊन कावळ्याएवढे समुद्रपक्षी बघून परत आलो.

दुसऱ्यांदा वारा पडला होता. पण भाड्याच्या दुकानातून आदल्या दिवशी सूट आणला होता तो घरी नीट पाहिलाच नव्हता. तिथे उघडला तर ३ मिलीमीटरचा, आणि पाठीत इतका ढगळ की मूठ जाईल. तरी उतरले, इतक्या लांबून आले होते. कमरेपर्यंत ठीक. मानेवर पाणी घेतलं, ठीक. मास्क लावून तोंड पाण्यात घातलं, आणि पाठीच्या चेनमधून गार पाण्याची एक धार कण्यावरून खाली गेली. श्वास सुटला. नळीतून मला माझाच श्वास ऐकू येत होता, भराभर, कुत्र्यासारखा. नळी काढून पाठीवर झाले, कान पाण्यात टाकले, आकाश बघत राहिले. प्रशिक्षक माझ्या डोक्याखाली हात धरून मोठ्याने आकडे मोजत होती. साठाच्या आसपास श्वास आपला झाला. पण दात वाजायला लागले होते, तिने बाहेर काढलं. एकूण सहा मिनिटं. गाडीत मी रडले, आणि लेक काही बोलली नाही, तिने हीटर लावला.

त्या रात्री झोप आली नाही. आपण चूक कुठे केली याचाच विचार करत होते. चूक सरळ होती. मोरीतला सराव पाठीवर केलाच नव्हता, तांब्या नेहमी पुढून. आणि सूट. दुसऱ्या दिवशी जावई स्वतः गाडी घेऊन दुसऱ्या ठिकाणी गेले आणि ५ चा सूट, हूड, हातमोजे, सगळं माझ्या मापाचं घेऊन आले. ज्यांच्यासमोर सूट घालायचा मला संकोच होता त्यांनीच पाठीची चेन ओढून दिली. त्यानंतर तो विषय माझ्या मनात राहिला नाही.

तिसऱ्यांदा २१ तारीख. ऊन होतं, समुद्र ताटासारखा. पाणी १३ अंश. निघताना थर्मासमधलं कोमट पाणी हातमोज्यांत आणि सूटच्या गळ्यातून ओतलं, ही युक्ती प्रशिक्षकाची. या वेळी गार धार आलीच नाही. कपाळाची उघडी पट्टी आणि ओठ एवढंच दुखलं, दुखलं म्हणजे दाताला बर्फ लागावा तसं, आणि दोन मिनिटांनी ते बधिर झालं. श्वास लांब. आत चार, बाहेर सहा, असं लालबागला घोकलं होतं तसं.

मग मी खाली बघायला लागले.

पहिल्यांदा कळतच नाही काय बघायचं. सगळं तपकिरी-सोनेरी आणि हलतं. केल्पचे पट्टे लाटेबरोबर एका बाजूला झुकतात, मग सगळे मिळून दुसऱ्या बाजूला, आणि आपणही त्यांच्याबरोबर. उन्हाच्या रेघा त्यांच्यातून खाली जातात. पाण्यात वस्तू तिसऱ्या हिश्शाने मोठ्या आणि पाव हिश्शाने जवळ दिसतात, प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे, हे मी शिकवलेलं आहे, तरी हात पुढे केला की बोट नेमकं जागेवर पोचत नाही. थोडं स्थिरावल्यावर एक एक दिसायला लागलं. खडकाच्या फटीत लाल-करडं समुद्रफूल, वाटीएवढं, जाडजूड बोटांचं. दगडाखाली शिरणारा खेकडा. गुलाबीसर, बुंदीच्या लाडवाएवढे समुद्री साळिंदर, म्हणजे काट्यांचे जिवंत गोळे. एका केल्पच्या पानावर प्रशिक्षकाने बोट दाखवलं. तुरीच्या दाण्याएवढी गोगलगाय, पारदर्शक कवच, आणि त्यावर निळ्या तुटक रेघा, दिवा लावल्यासारख्या. नंतर काठावर तिने सांगितलं की त्या निळ्यात रंगद्रव्य नसतं. कवचातल्या कॅल्साइटच्या थरांवरून प्रकाश परतताना तो निळा होतो. आपल्या मोराच्या पिसासारखंच. एवढ्याशा जिवाला त्या तपकिरी रानात इतकं झळझळीत निळं.

तारामासा शेवटी दिसला. मी परत फिरले होते. काठाजवळ मीटर-दीड मीटर पाण्यात शिंपल्यांचा एक पुंजका, आणि त्यावर तो, नारिंगी, हाताच्या पंज्याएवढा, मधून उचललेला. पाठ वर करून बसला होता म्हणजे खाली शिंपला धरला असणार. तो पायांनी शिंपला किंचित उघडतो आणि स्वतःचं जठर बाहेर काढून आत सारतो, हे वाक्य मी किती वर्गांना सांगितलं असेल. मी हात न हलवता तरंगत राहिले. मग बाजूला दुसरा दिसला, लहान, तो काही खात नव्हता. तो चालत होता. एका बाहूचं टोक वर वळलेलं, त्या टोकाशी तांबूस ठिपका, तो त्याचा डोळा. आणि कडेने नलिकापाद. बरणीत ते सुकलेल्या दोऱ्यांसारखे दिसायचे. इथे ते पारदर्शक, प्रत्येक जण आपापला लांब होत होता, चाचपत होता, टेकत होता, सुटत होता. काही घाई नव्हती. मी शिकवताना "शेकडो पाय" म्हणायचे तेव्हा मला वाटायचं ते एका ठेक्यात पडत असतील, कवायतीसारखे. तसं काही नाही. प्रत्येक पाय वेगळ्या वेळी, आणि तरी प्राणी एकाच दिशेला जातो.

तेवढ्यात मास्कमध्ये पाणी दिसलं. मला वाटलं गळतोय. गळत नव्हता.

२२ मिनिटं झाली म्हणून प्रशिक्षकाने खूण केली. दम नाही, खोकला नाही, डॉक्टरताई. बाहेर आले तेव्हा थंडी वाजत नव्हती, मी लेकीला तसं म्हणालेही. दहा मिनिटांनी, कोरडे कपडे अर्धे घातलेले असताना, कापरं भरलं, कप धरता येईना. बाहेर आल्यावरही शरीर काही वेळ आतून गार होतच राहतं. तेव्हा लगेच गरम पाण्याने अंघोळ करायची नाही, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. बटणं लेकीने लावली. लोकरीची टोपी, दोन स्वेटर, वर तो झगा, आणि सुंठ घातलेला गोड चहा. बडोद्याहून नेलेला लीलो चिवडा त्या वाहनतळावर चौघांनी संपवला. प्रशिक्षकाला मनुका आवडल्या. वीस मिनिटांत कापरं थांबलं.

नव्याने जाणाऱ्यांना एवढंच सांगते: सूट आदल्या दिवशी घरी घालून बघा, आणि सराव पाठीवरही करा.

उत्तरसमुद्र (ॲबर्डीन), २७ ऑगस्ट

काकू, दोनदा वाचलं. मी ११ वर्षं तिथे जातोय, तारामासे शेकडो पाहिले असतील, पण पाय वेगवेगळ्या वेळी पडतात हे कधी बघितलंच नव्हतं. पुढच्या रविवारी तेवढ्यासाठी जातो.

रामबाग (इंदूर), २८ ऑगस्ट

ताई, डोळे भरून आले. दाब आल्यावर मोजला का? आणि बडोद्याला परत गेल्यावर काय?

दांडियाबाजारची टीचर, सध्या एडिंबरा, २८ ऑगस्ट

मोजला. १३२ वर ८४.

परत गेल्यावर दोन गोष्टी ठरवल्या आहेत. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता तिचा नंबर मिळवला आहे, ती आता वाघोडिया रोडला राहते. काल फोन केला, बोलणं बराच वेळ चाललं. आणि डिसेंबरच्या पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला आम्ही नराराला जातो आहोत, ती, तिची दोन मुलं आणि माझ्या जुन्या वर्गातली आणखी चार-पाच जण. वनखात्याची परवानगी काढावी लागते, ते काम मी ऑक्टोबरातच करीन. बडोद्याचं कुणी येणार असेल तर इथेच कळवा. चपला चालणार नाहीत, जुने कॅनव्हासचे बूट आणा, आणि काहीही उचलायचं नाही, फक्त बघायचं.